आधी नमुना, मग करार: सोलापुरात कारखाना, कलाकार आणि विद्यापीठ यांची जोडी कशी जमवायची

कॉलेजांच्या भिंतींवर एक ठरावीक फोटो हल्ली फार दिसतो. मधे लाल फाइल, दोन्ही बाजूंना शाल पांघरलेली माणसं, हातात पुष्पगुच्छ आणि खाली ओळ: 'सामंजस्य करार संपन्न'. असल्या एका फोटोत मागच्या रांगेत मीही उभा आहे. वर्षभराने त्याच कारखान्यात गेलो तर मालकांनी चहा सांगितला आणि विचारलं, "सर, ते पुढं काय झालं हो त्याचं?" मी त्यांना नेमकं हेच विचारायला गेलो होतो.

म्हणून या लेखात क्रम उलटा लावला आहे. करार अगदी शेवटी येतो. त्याआधी एक अडचण, एक नमुना आणि एक बिल. चादरीचा कारखाना, गणवेशाचं युनिट, छोटा डिझाइन स्टुडिओ, लोककलेची पार्टी किंवा नुकताच निघालेला स्टार्टअप, यांपैकी कुणालाही विद्यापीठाची मदत घ्यायची असेल तर ही वाट आहे. प्राध्यापकांनीही वाचायला हरकत नाही. त्यांच्या बाजूच्या चुका मी लपवलेल्या नाहीत.

मुळात अंतर आहे, हे मान्य करा

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ केगावला, पुणे रस्त्यावर. यंत्रमागांची मोठी वसाहत अक्कलकोट रस्त्याला. मधे अख्खं शहर. हे अंतर नुसतं रस्त्याचं नाही. पूर्व भागातल्या कारखान्यात तेलुगू चालते, शहरात मराठी, कन्नड आणि दखनी कानावर पडते, आणि विद्यापीठाचं पत्र येतं ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं.

पूर्वी हे अंतर गिरणी मिटवायची. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. जाबर (खात्याचा मुकादम), रंगारी, फिटर सगळे तिथंच हाताखाली तयार व्हायचे. गिरण्या बंद पडल्या आणि ती बिनफळ्याची शाळाही बंद पडली. विद्यापीठ आलं १ ऑगस्ट २००४ रोजी, त्याआधी आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होतो. एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ म्हणून त्याला हिणवणारे पुष्कळ भेटतात. मला तो फायदा वाटतो. पाच जिल्ह्यांचा भार नसलेल्या विद्यापीठाला एकाच जिल्ह्याच्या धंद्याकडे नीट बघता येतं. बघायला लावायचं काम मात्र आपलं.

पायरी पहिली: अडचण एका पानावर लिहा

'आम्हाला विद्यापीठासोबत काम करायचं आहे' हे वाक्य घेऊन केगावला जाऊ नका. त्याला उत्तर म्हणून चहा मिळेल आणि बैठकीची तारीख मिळेल. अडचण घेऊन जा, आणि ती इतकी लहान करा की चार मुलं दोन महिन्यांत तिला हात घालू शकतील.

'आमच्या चादरीला नवीन लूक हवा' ही अडचण नव्हे, इच्छा आहे. अडचण अशी लिहायची: 'आमच्याकडं अमुक हुकांचा जकार्ड आहे, बाण्यात तीन रंग चालतात, पन्हा इतका. याच मागावर, यंत्रात बदल न करता, एकट्यानं राहणाऱ्या नोकरदारासाठी हलकी, घरच्या मशीनमध्ये धुता येणारी चादर बसवायची आहे. आत्ताचं वजन इतकं, हवं आहे इतकं.' (जकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, हुक म्हणजे त्यातले उभे धागे उचलणारे आकडे, बाणा म्हणजे आडवा धागा, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी.) हे वाचून वस्त्रोद्योग न शिकलेला प्राध्यापकसुद्धा सांगू शकतो की यातला कुठला तुकडा त्याच्या मुलांना पेलेल.

गणवेशवाल्यांचं उदाहरण घ्या. मापांचे तक्ते पिढ्यान्पिढ्या तेच, आणि परत येणारा माल बहुतेक मापामुळेच येतो. गेल्या दोन हंगामांतल्या परतीच्या पावत्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढं टाका. कुठलं माप कुठल्या शाळांतून परत आलं याचा तक्ता ती मुलं आठवड्यात करतील. यात कलेचा भाग नाही, पण कापडाच्या धंद्यात कला आणि माप वेगळी काढता येत नाहीत. भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं करणारे कारागीर आहेत, त्यांची अडचण निराळी: गिऱ्हाइकाचा फोटो आला की त्याचा ग्राफ, म्हणजे विणायच्या नक्षीचा चौकटींवरचा नकाशा, करायला लागणारा वेळ. तो अर्धा करता आला तर संगणक विभागाच्या मुलांना वर्षभराचा प्रकल्प मिळाला.

पानाच्या तळाशी तीन गोष्टी लिहाच: तुम्ही काय देणार (मागाचा वेळ, सूत, माणूस), काय देणार नाही (गिऱ्हाइकांची यादी, किमतीची गुपितं), आणि कुणाशी बोलायचं. शेवटचं नाव मालकाचं नको. मालक फोन उचलत नाहीत.

पायरी दुसरी: दार कुठलं ठोठवायचं

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' या नावाचं मंडळ आणि त्याचा संचालक यांची तरतूद आहे. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण उद्योगाशी नातं जोडणं हे त्यांचं कायद्यानं ठरलेलं काम आहे. आपल्या विद्यापीठात स्टार्टअपसाठी 'उद्यम' नावाचं इन्क्युबेशन केंद्र आहे. कंपनी काढायची असेल, बसायला जागा आणि मार्गदर्शक हवा असेल तर तिकडं जा.

नमुना करून हवा असेल तर मात्र थेट विभागात किंवा संलग्न महाविद्यालयात जाणं बरं. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून शहरातच आहे. पंढरपूर-सांगोल्याकडच्या माणसाला पंढरपूरचं अभियांत्रिकी महाविद्यालय जवळ. माहितीपट, जाहिरात, छायाचित्रण असं काम असेल तर विद्यापीठाचा जनसंज्ञापनाचा विभाग. बऱ्याच कॉलेजांत केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून 'इन्स्टिट्यूशन इनोव्हेशन कौन्सिल' असते, तिचा समन्वयक कोण हे विचारा. प्लेसमेंट अधिकाऱ्याकडं जाऊ नका. तो बिचारा पुण्यातल्या कंपन्यांना सोलापुरात आणायच्या खटपटीत असतो, तुमचा प्रश्न त्याच्या वहीत बसत नाही.

वेळही पाहा. परीक्षांच्या तोंडावर, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये गेलात तर कुणी भेटणार नाही. सत्र सुरू होऊन पंधरा दिवस झाले की जा; तेव्हा प्रकल्पांचे विषय ठरत असतात आणि शिक्षक विषयांच्या शोधात असतात. धंद्याचं पंचांग वेगळं असतं हे त्यांना आधीच सांगा. गणवेशवाल्याला मार्च ते जून श्वास घ्यायला फुरसत नसते, जानेवारीत गड्ड्याच्या दिवसांत निम्मे कामगार सिद्धेश्वरांच्या यात्रेत, आषाढीला पंढरपूर भागात दुसरं काहीच सुचत नाही. दोन्ही पंचांगं शेजारी ठेवली की कामाचे खरे महिने हाती येतात: ऑगस्ट-सप्टेंबर, आणि गड्डा उठल्यावर फेब्रुवारी.

पायरी तिसरी: श्रेयांकांचं (क्रेडिटचं) गणित समजून घ्या

विद्यार्थी तुमच्याकडं येईल तो उत्साहापोटी, पण टिकेल तो गुणांसाठी. यात वाईट काही नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांत 'ऑन जॉब ट्रेनिंग', क्षेत्रीय प्रकल्प, समाजाशी जोडलेलं काम अशी खाती आली आहेत. ऑन जॉब ट्रेनिंगला साधारण चार श्रेयांक, एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १२० तास. दिवसाला आठ तास धरले तर पंधरा दिवस.

पंधरा दिवसांत चादरीची नवी मालिका होत नाही. मागावर सूत कसं चढतं हे कळायलाच चार दिवस जातात. म्हणून काम साखळीनं लावा. पहिली तुकडी फक्त नोंद करेल: जुन्या नक्ष्यांचे फोटो, मोजमापं, कुठली कधी खपली. दुसरी तुकडी त्यातून दोन नव्या नक्ष्या ग्राफवर आणेल. तिसरी विक्रीकडं बघेल. प्रत्येक तुकडीनं पुढच्या तुकडीसाठी पाच पानांची वही ठेवायची, ही अट शिक्षकांकडून मान्य करून घ्या. वही नसली की दर सत्राला तुम्ही 'ताणा म्हणजे उभा धागा' इथूनच सुरुवात कराल, आणि तिसऱ्या वर्षी दार लावून घ्याल.

हजेरीचं पत्रक कारखान्यातला माणूस सही करेल, गुण मात्र दोघांनी मिळून द्यावेत. नुसत्या हजेरीवर गुण दिले की मुलं मोबाइल बघत कोपऱ्यात बसतात, मी बघितलंय.

पायरी चौथी: मागावरच्या मास्तरांना वर्गात न्या

सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय ही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची वाट उघडली. किमान १५ वर्षांचा कामाचा अनुभव हवा, पदवीची सक्ती नाही; मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत असे लोक घेता येतात आणि कमाल मुदत चार वर्षं. २०२३ मध्ये त्याच आयोगानं कलाकार आणि कारागिरांना संस्थेत निवासी म्हणून बोलावण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे आयुष्यभर जकार्डवर माणसांचे चेहरे विणलेला, सातवी शिकलेला पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातला) कारागीर रीतसर मानधन घेऊन विद्यार्थ्यांना शिकवू शकतो.

प्राचार्यांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो: "ते बोलतील का?" बोलतात. फळ्यापुढं उभं केलं तर नाही बोलणार. मागापुढं उभं करा. सोबत एक तेलुगू-मराठी दोन्ही येणारा विद्यार्थी द्या, तो वर्गात असतोच. आणि 'अण्णा' म्हणा, 'रिसोर्स पर्सन' म्हणू नका.

मानधन त्याच दिवशी किंवा ठरल्या तारखेला खात्यात जाईल हे आधी पक्कं करा. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला 'बिल लेखा विभागात आहे' सांगणं म्हणजे त्याला पुन्हा न बोलावण्याची व्यवस्था करणं.

पायरी पाचवी: नमुना

आता खरं काम. डिझाइन शिकलेली मुलं संगणकावर सुंदर चित्र करतात: सावल्या, फिकट होत जाणारे रंग, सोळा छटा. मास्तर चष्मा वर करून बघतात आणि दोनच प्रश्न विचारतात: "हुक किती? रंग किती?" इथं बहुतेक जोड्या मोडतात. मुलांना वाटतं म्हातारा जुनाट आहे, मास्तरांना वाटतं पोरांना काही येत नाही.

यावर मला सापडलेला एकच उपाय आहे: चित्र काढायच्या आधी मुलांना चौकटीच्या वहीवर हातानं ग्राफ भरायला लावा. एक चौकट म्हणजे एक हुक, एक ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. मोराचा एक डोळा भरता भरता मागाची मर्यादा हातात उतरते, आणि नंतर संगणकावर केलेलं काम विणण्याजोगं असतं.

नमुन्यासाठी माग थांबवायला लागतो आणि थांबलेला माग मालकाला दिवसभर दिसत राहतो. म्हणून खर्च आधी लिहून ठेवा: मागाचे किती तास, कार्ड पंचिंगचे (नक्षीप्रमाणं पुठ्ठ्यांना भोकं पाडण्याचे) किती, सूत किती किलो, मास्तरांची मजुरी किती. इलेक्ट्रॉनिक जकार्ड असेल तर पंचिंग वाचतं, पण तो सगळ्यांकडं नाही. हा खर्च कोण करणार? माझं मत: निम्मा कॉलेजनं, निम्मा कारखान्यानं. फुकट मिळालेला नमुना कारखानदार कपाटात टाकतो, आणि ज्यात कॉलेजचा पैसा नाही त्याची चौकशी कॉलेजही करत नाही.

पहिला नमुना बिघडणारच. रंग उतरेल, काठ ओढला जाईल, मोर बदकासारखा दिसेल. तीन नमुन्यांचा खर्च धरूनच बसा.

पायरी सहावी: हक्क कुणाचा, हे नमुना दाखवायच्या आधी ठरवा

या पायरीला मी सगळ्यात जास्त जागा देतोय, कारण भांडणं इथंच होतात आणि कायदा काय म्हणतो हे दोन्ही बाजूंना ठाऊक नसतं.

कापडावरची नक्षी दोन कायद्यांच्या सीमेवर उभी असते. कागदावरचं चित्र म्हणून तिला कॉपीराइट असतो. पण कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १५ नुसार, जी नक्षी डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती लावलेला माल मालकाच्या संमतीनं यंत्रावर ५० पेक्षा जास्त वेळा निघाला की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. ५० नग! एका मागाला तेवढे नग म्हणजे काहीच नाही. म्हणजे चांगली खपलेली नक्षी नोंदणी न करता बाजारात सोडली की शेजारच्या कारखान्यानं उचलली तरी हात चोळत बसायचं.

उपाय डिझाइन अधिनियम, २००० खालची नोंदणी. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लहान उद्योगाला अर्जाची फी १,००० रुपये, संरक्षण १० वर्षं, पुढं आणखी ५ वर्षं वाढवता येतं. अट एकच पण कडक: अर्जाच्या आधी ती नक्षी कुठंही प्रसिद्ध झालेली नसावी. आणि कॉलेजांना सवय काय? नमुना मागावरून उतरला की पंधरा मिनिटांत फोटो इन्स्टाग्रामवर. मग वर्षाअखेरीचं प्रदर्शन, मग स्थानिक पेपरात बातमी. झालं, नवेपण गेलं. केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी सवलत आहे, तीही आधी सूचना देऊन आणि सहा महिन्यांत अर्ज करून. कॉलेजचं स्नेहसंमेलन त्यात बसत नाही. म्हणून नियम करा: अर्जाची पावती हातात येईपर्यंत मोबाइल खिशात.

आता मालक कोण? इथं एक गंमत आहे. डिझाइन कायद्यात, मोबदला देऊन दुसऱ्यासाठी करून घेतलेल्या डिझाइनचा मालक करून घेणारा असतो. विद्यार्थी तुमचा नोकर नाही. म्हणजे त्याला रीतसर मोबदला दिला नाही तर नक्षी त्याचीच राहते. मुलांना फुकट राबवून घेणाऱ्या कारखानदारांना मी हे मुद्दाम सांगतो. 'अनुभव मिळतोय की' म्हणणाऱ्याचा आवाज लगेच खाली येतो. कॉपीराइट लिहून घ्यायचा असेल तर त्याचेही नियम आहेत. करार लेखी हवा, मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वर्षभरात वापर केला नाही तर वेगळं ठरलेलं नसल्यास हक्क परत जातो.

संस्थेचा वाटा हा तिसरा कोन. शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणाची दिशा साधी आहे: संस्थेची साधनं किंवा पैसा मोठ्या प्रमाणात वापरला असेल तर हक्क संस्था आणि निर्माता यांचे संयुक्त, नसेल तर निर्मात्याचे. वर्गातला संगणक आणि ग्रंथालय म्हणजे 'मोठ्या प्रमाणात' नव्हे, हे विद्यार्थ्यांनी नम्रपणे पण ठामपणे म्हणावं.

लहान कामासाठी एक साधी वाटणी सुचवतो. समजा, नक्षी कारखान्याच्या नावावर नोंदवायची आणि विद्यार्थ्यांना सुरुवातीला ठोक रक्कम द्यायची. शिवाय ती नक्षी लावलेल्या प्रत्येक नगामागं पाच रुपये, तीन वर्षं. वर्षाला दोन हजार नग गेले तर दहा हजार रुपये. रक्कम मोठी नाही, पण पोरगं पुण्याला गेलं तरी त्याचा सोलापूरच्या मागाशी धागा राहतो, आणि सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलेल्या निम्म्या डब्याला नसलेली एक गोष्ट त्याच्याकडं असते: गावातून येणारे पैसे.

'सोलापुरी' हे नाव वापरताना

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचं डाळिंब मागून आले. नवे स्टार्टअप इथं दोन चुका करतात. एक, त्यांना वाटतं मानांकनानं नक्षीचं रक्षण होतं. होत नाही, रक्षण नावाचं होतं, तेही नोंदणीत दिलेल्या वर्णनाप्रमाणं आणि त्याच भागात विणलेल्या मालाला. दुसरं, ते परवानगी न घेता नाव लावतात. 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते, आणि तिची फी २०२० च्या सुधारणेत ५०० वरून १० रुपयांवर आली. दहा रुपये! इन्क्युबेशन केंद्रांनी एक शनिवार काढून पूर्व भागात टेबल टाकावं आणि पन्नास कारखान्यांचे अर्ज भरून घ्यावेत. विद्यापीठानं करण्याजोगं इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी काम मला दुसरं सुचत नाही.

कापडाबाहेर: कलाकेंद्रं, कॅमेरा, नाटक

सोलापूरची सर्जनशीलता म्हटलं की चादरीपाशीच गाडी थांबते. पण मोडनिंबची कलाकेंद्रं याच जिल्ह्यात आहेत, करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून निघून नागराज मंजुळे चित्रपटांत गेले, आणि त्या भागात कॅमेऱ्याचं वेड लागलेली पोरं गावोगावी भेटतात. हुतात्मा स्मृती मंदिरात हौशी नाटकवाल्यांची एक पिढी वाढली. यांना विद्यापीठाकडून लागतं काय? ध्वनिमुद्रणाची खोली, संकलनाचा संगणक, आणि हिशेब लिहायला शिकवणारं कुणीतरी.

जनसंज्ञापनाचे विद्यार्थी कलाकेंद्रावर माहितीपट करायला जातात तेव्हा एक गोष्ट हटकून विसरतात. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईचा तिच्या सादरीकरणावर कायद्यानं हक्क असतो, आणि तो ५० वर्षं टिकतो. तिच्या लेखी संमतीशिवाय मुद्रण करणं, वर ते यूट्यूबवर टाकून जाहिरातीचे पैसे घेणं, हे चालत नाही. संमतीपत्र मराठीत, अर्ध्या पानाचं असावं आणि वाचून दाखवावं: काय मुद्रित करणार, कुठं दाखवणार, पैसे आले तर तिला किती, नको असेल तर काढून कसं टाकणार. चेहरा दाखवायचा की नाही हा निर्णय तिचा. तिच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न असतो, तो आपल्याला बाहेरून दिसत नाही.

पायरी सातवी: कागदपत्रं आणि पैसा

हे भराभर सांगतो. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी; विद्यापीठाच्या 'उद्यम' केंद्राशी तिचा संबंध नाही) विनामूल्य आहे, आधारवर होते. एजंटाला पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तुम्ही सूक्ष्म उद्योगात मोडता, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक छोटे कारखाने आले. ट्रेडमार्कची ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, पण मागावरचा विणकर नाही. गणवेश शिवणाऱ्यांना उपयोगी, चादरवाल्यांनी तिथं रांग लावू नये. कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा, आणि जाण्याआधी प्रकल्प अहवाल वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्या. तोही क्षेत्रीय प्रकल्पच.

इन्क्युबेशन केंद्रात कंपनी घातलीत तर केंद्र हिस्सा मागेल. वर उल्लेखलेल्या २०१९ च्या धोरणात हा हिस्सा २ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान सुचवला आहे. वरचं टोक मागत असतील तर बदल्यात काय मिळणार याची यादी घ्या: खुर्ची-टेबल आणि वायफायसाठी साडेनऊ टक्के देण्याइतकं सोलापुरात जागेचं भाडं महाग नाही. पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकापर्यंत नेऊन बसवत असतील, तर विचार करा.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडंही (सीएसआर) बघा. सरकारी निधीवर चालणाऱ्या इन्क्युबेटरला दिलेली देणगी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसते. जिल्ह्यात एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, इतरही मोठ्या कंपन्या आहेत. त्यांच्याकडं स्टार्टअपनं एकट्यानं जाऊ नये. केंद्राच्या नावानं, एका यंत्राची मागणी घेऊन जावं. 'सर्जनशील परिसंस्थेच्या विकासासाठी' असं लिहिलेला अर्ज कुणी वाचत नाही. 'नमुन्यांसाठी एक इलेक्ट्रॉनिक जकार्ड माग, पाळीनं चाळीस छोट्या कारखान्यांना वापरता येईल असा' हे लिहिलेला वाचतात.

पायरी आठवी: पहिलं बिल

विद्यार्थ्यांच्या स्टुडिओनं कारखान्याला बिल द्यावं. रक्कम तीन हजार असली तरी चालेल, पण बिल छापील, क्रमांक घातलेलं आणि तारखेचं. नात्यातला, ओळखीतला व्यवहार म्हणून ते टाळू नका. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी ठरवलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. काहीच लिहिलेलं नसेल तर १५ दिवसांत. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. हे कलम दाखवून सोलापुरात धंदा होत नाही हे मलाही कळतं, पण स्टुडिओतल्या पोरांना ते ठाऊक असलं की 'बघू पुढच्या महिन्यात' ऐकताना त्यांचे खांदे पडत नाहीत.

पायरी नववी: आता करार

नमुना निघाला, नोंदणीचा अर्ज गेला, पहिलं बिल चुकतं झालं. आता फोटो काढा, शाल घ्या. करार मराठीत, दोन पानांचा, आणि त्यात निदान एवढं हवं: दर सत्राला किती विद्यार्थी, कुठल्या महिन्यांत; मागाचे किती तास; नमुन्याचा खर्च कसा वाटायचा; नक्षी कुणाच्या नावावर आणि नगामागं किती; प्रसिद्धी कधीपासून; कारागिराचं मानधन किती दिवसांत; मतभेद झाले तर कुणाकडं जायचं. दोन्ही बाजूंची एकेक व्यक्ती नावानं नव्हे, पदानं नेमा, म्हणजे बदली झाली तरी करार अनाथ होत नाही. मुदत तीन वर्षं, पण दर जूनला एक तासाची बैठक, कारखान्यातच, आणि तिथं मागच्या वर्षीची वही टेबलावर.

शेवटचं कलम मी नेहमी हातानं लिहून घालतो, छापील मसुद्यात ते सापडत नाही. प्रत्येक नमुन्याचे दोन तुकडे कापायचे, एक कारखान्यात राहील, एक विभागात. मागच्या बाजूला कापडी पट्टी शिवायची आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईनं लिहायचं: तारीख, माग क्रमांक, ग्राफ कुणी भरला, आणि कुणी विणलं.